पाण्याकडे पाठ

आमच्या घरात तंबू घ्यावा की नाही यावर वाद झालाच नाही. वाद झाला तो तंबूत उभं राहून लुगडं नेसता येईल की नाही यावर. माझ्या धाकट्या भावाला, दानूला, हिवाळाभर डांग्या खोकला होता. खोकून खोकून त्याचा चेहरा जांभळा व्हायचा, आणि उबळ ओसरली की आपलंच काहीतरी चुकलं असावं अशा नजरेने तो सगळ्यांकडे बघायचा. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याआधी याला थोडे दिवस थंड, मोकळ्या हवेत ठेवा, नाहीतर पुढच्या थंडीचं मी काही सांगू शकत नाही. डॉक्टरांचे बाकीचे पेशंट थंड हवेला महाबळेश्वरला जात. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरने कुठे जावं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि पपांनी विचारलं नाही. त्यांनी शाळेतून जिल्ह्याचा नकाशा गुंडाळून घरी आणला, जमिनीवर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि पश्चिमेच्या टोकाला, भंडारदऱ्याच्या तलावावर बोट टेकवलं. "इथे बंगला लागत नाही," ते म्हणाले. "तंबू लागतो."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती आणि लष्कराचं सामान कॅम्पातून नगर शहरात झिरपत होतं. भाजीवाल्याच्या अंगावर सार्जंटचा कोट दिसे. आमच्या शेजारी स्ट्रेचरवर पापड वाळत. मोडीत निघालेला माल विकत घेऊन उस्मानभाई नावाचे एक व्यापारी भिंगारच्या रस्त्यावर दुकान मांडून बसले होते. दुकान म्हणजे काटेरी तार घातलेलं मैदान, आणि त्यात गिऱ्हाइकाने निवड करावी म्हणून उभे केलेले तंबू. आम्ही सगळे गेलो: पपा, आई, मी, माझ्याहून लहान सुशी, कडेवर दानू. शिवाय पपांचे चुलतभाऊ. हे काका लढाईत लष्करी गोदामात कारकून होते. त्यामुळे लढाई कशी जिंकली गेली हे त्यांना बरंच ठाऊक होतं. ते हातात छडी घेऊन आले होते आणि प्रत्येक तंबूच्या खांबावर तिने टकटक करत होते. खांबातून काय ऐकू येत होतं कोण जाणे. पण ते मान हलवायचे.

पहिला तंबू गोल होता, मधे एकच खांब. सुशी आणि दानू त्या खांबाभोवती धावत सुटले आणि बाहेर यायला तयार होईनात. आई आत शिरली, केस बांधायला दोन्ही हात वर केले आणि ते कापडाला लागले. "यात मी वाकून राहू महिनाभर?" ती म्हणाली. "आणि गोल घरात कोपरा कुठला? स्टोव्ह कुठे ठेवायचा?" काका म्हणाले, "वहिनी, अशा तंबूत मेजर लोक राहतात." आई म्हणाली, "मेजर स्वयंपाक करत नसतील." दुसरा तंबू इतका मोठा होता की तो वाहून न्यायला वेगळी मोटार लागली असती. तिसरा चौकोनी, लांबट, दुहेरी कापडाचा, आतून पिवळं अस्तर, बाजूंना सोडता-बांधता येणाऱ्या जाड कनाती. आईने आत जाऊन हात वर केले. हात मोकळे राहिले. तिने पदर सोडून परत खोचला, चार पावलं चालली, खाली बसली, उठली. पिवळ्या अस्तरातून उजेड असा येत होता की आम्हा सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. मला तो फार आवडला.

"हा स्वस्त का?" पपांनी विचारलं.

"इस्पितळाचा माल आहे, मास्तर," उस्मानभाई म्हणाले. "खोटं कशाला बोलू? कापड बघा, पोलादासारखं. पण लोक आत येतात, बसतात आणि उठून जातात. का जातात ते मला सांगत नाहीत."

का जातात ते आईने बसल्या जागेवरून पाहिलं. मागच्या कनातीच्या अस्तरावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, गोल डाग होते. सारख्या अंतरावर, एकाच ओळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक डाग मधे गडद आणि कडेला विरत गेलेला. काका म्हणाले, ओलीचे डाग. आईने दानूला जवळ घेतलं, त्याचं डोकं एका डागाजवळ धरलं, आणि मग लगेच मागे घेतलं. "ओल नाही ही," ती म्हणाली. "डोकी आहेत." खाटांवर महिनोन् महिने पडून राहिलेल्या माणसांच्या केसांचं तेल आणि घाम कापडात मुरला होता. पपांनी चष्मा सारखा केला आणि सांगितलं की तेल हा एक पदार्थ आहे आणि तो सोड्याने निघतो. तंबू आम्ही घेतला. आत उभं राहता येत होतं, आणि दानू पुन्हा खोकायला लागला होता.

सोड्याने ते निघालं नाही. आईने कनात अंगणात अंथरून सोडा लावला, रिठे लावले, खसाखसा घासली. ओली होती तोवर ती स्वच्छ दिसे, आणि ऊन चढलं की एकेक डोकं सावकाश वर येई. काकांच्या आग्रहाखातर चर्चचे पाळकसाहेब येऊन तंबूसाठी प्रार्थना करून गेले. कुटुंबासाठी, घरासाठी, पिकासाठी प्रार्थनेचे ठरलेले शब्द असतात. तंबूसाठी ते अडखळले आणि शेवटी अब्राहामाच्या तंबूचा आधार घेऊन मोकळे झाले. तिन्हीसांजेला आईने त्याच तंबूवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. आम्ही ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. आईने दोन्ही उपाय एकमेकांना कळू दिले नाहीत.

प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार संगमनेरपर्यंत; चढ आला की ड्रायव्हर उतरून मागच्या भट्टीत काठी खुपसायचा आणि उतारू रस्त्याकडेला उभे राहून त्याला सल्ले द्यायचे. पुढे दुसरी मोटार, मग बैलगाडी. मात्र पहिल्या संध्याकाळी तिथे आलेला वास अजून आठवतो: सुकलेल्या गाळाचा, करवंदीच्या जाळ्यांचा आणि आईने स्टोव्हवर भाजलेल्या सुकटाचा. तलाव उन्हाळ्याने आत आत गेला होता. काठावरून खाली उतरणारी मातीची मोठी पांढुरकी उतरण, तिच्यावर भेगांचं जाळं, आणि तिच्याही पलीकडे, दक्षिणेला, पाणी.

तंबूचं तोंड कुठे करायचं यावर आई आणि पपा पहिल्यांदा भांडले. पपांना दार पाण्याकडे हवं होतं. तसं केलं असतं तर दाराकडे पाय करून झोपल्यावर डोकी उत्तरेला आणि पाय दक्षिणेला आले असते. आमच्याकडे मेलेल्या माणसाला असं ठेवतात. आडवं झोपावं तर तंबू अरुंद. पपांचे पाय कनातीखालून बाहेर निघत.

"अगं, बायबलात उत्तरेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही," पपा म्हणाले.

"उत्तरेकडे डोकं करून झोपा असंही लिहिलेलं नाही," आई म्हणाली. "त्या कनातीला डोकी लावून आधीच बरीच माणसं झोपलीत. त्यात आणखी माझ्या मुलांची डोकी उत्तरेला नकोत."

मग मेखा उपटल्या, तणावे सोडले, आणि तंबू फिरवला. दार उत्तरेला, झाडीकडे. पाण्याकडे पाठ. पाणी बघायचं तर तंबूला वळसा घालून जावं लागे.

रोज सकाळी भिकाबाई दूध घेऊन यायची. जवळच्या पाड्यावरची, आईच्याच वयाची, दोन्ही हातांवर गोंदलेली. दूध मापून झालं की ती उकिडवी बसून आईने दिलेला चहा बशीतून प्यायची आणि आमच्या तंबूकडे बघायची. "पान्याकडं पाठ केलीसा ते ब्येस केलं," ती एकदा म्हणाली. आईने कारण विचारलं. भिकाबाईने उतरणीकडे हात केला. पाण्याच्या कडेला, गाळातून काही दगडी चौथरे डोकं काढत होते. "धरनात गेलं आमचं गाव. म्या बारकी हुते. उन्हाळ्यात पानी हटलं की वटं उघडं पडत्यात. मंग ज्याचं त्यो जातो, आपला वटा झाडून येतो. हळदीकुंकू वाहातो."

"दरवर्षी झाडता? पुन्हा पाण्यातच जाणार ना ते?" आईने विचारलं.

"घर हाय त्ये, बाई," भिकाबाई म्हणाली. "पान्यात हाय म्हून काय झालं? आन् तुमच्या पोरास्नी तिकडं सोडू नगा. वरून सुकल्यालं दिसतं, आत गाळ लई हाय. आमास्नी वाट ठावं हाय म्हून आमी जातो."

दुपारी झळा लागत, म्हणून दाराचा पडदा बांधून घेऊन आम्ही आत अंधारात पडून राहायचो. पहिल्या दोन-तीन दुपारी मला काही दिसलं नाही. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं. दाराच्या पिवळ्या पडद्यावर माणसं चालत होती. डोकी खाली, पाय वर. त्यांच्या पायांच्या वर जमीन होती, डोक्याखाली पाणी आणि त्याखाली आभाळ. एक बाई वाकली (म्हणजे वरच्या दिशेने वाकली), तिचा हात इकडून तिकडे, इकडून तिकडे फिरत राहिला. आवाज कसलाच नाही. बोटाएवढी माणसं, लुगड्याचा हिरवा रंगसुद्धा ओळखू येत होता, आणि ती सगळी आमच्या पायांशी, आमच्याच तंबूत, आमच्याकडे न बघता आपलं काम करत होती. सुशीने माझ्या दंडात नखं रुतवली, ती खूण नंतर बरेच दिवस होती.

पपांना मनापासून आनंद झाला. त्यांनी मागच्या कनातीवर चाचपून भोक शोधलं. डागांपैकी एकाच्या शेजारी, वाटाण्याएवढं, दोन्ही कापडांतून आरपार. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, माणसं गेली. बोट काढलं, माणसं परत आली. "प्रकाश सरळ रेषेत जातो," ते म्हणाले, आणि आम्हाला अंथरुणावर बसवून पूर्ण धडा घेतला: वरचा किरण खाली का, खालचा वर का, चित्र उलटं का. मला समजलं. तोपर्यंत शास्त्र मला पाठ करायची गोष्ट वाटायची, त्या दुपारी ती खरी वाटली. त्या धड्याची मी आजही ऋणी आहे. आई मात्र त्या भोकाकडेच बघत होती. भोकाच्या कडा फाटलेल्या नव्हत्या. कोणीतरी बोट घालून घालून त्या गुळगुळीत केल्या होत्या. "पडल्या पडल्या बाहेर बघत असेल बिचारा," ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या दुपारी त्या पडद्यासमोर जाऊ लागल्या. नाटक-सिनेमा आमच्या घरी निषिद्ध होता. हा शास्त्र असल्यामुळे चालला. झाडायला आलेल्या बायका, कधी एखादा म्हातारा, कधी गुरं, सगळे छताला पाय लावून जात. दानूला हे फार आवडे. तो पडद्याजवळ बसून त्या माणसांच्या डोक्यांवर बोट ठेवायचा, आणि ती त्याच्या नखावरून चालत पुढे जायची. त्याचा खोकला सुटत चालला होता. भाकरी-दूध कुस्करून तो वाटीभर खाऊ लागला होता आणि त्याच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. तरी आईने त्याची लाल लोकरी टोपी काढू दिली नाही. मे महिन्यात लोकरी टोपी घालून हिंडणारा मुलगा त्या पाड्यावर चेष्टेचा विषय झाला. भिकाबाई त्याला "कोंबडा" म्हणायची. "कोंबड्या, आरवून दाव की रं," म्हटलं की तो आरवून दाखवायचा, आणि मधे खोकला आला नाही म्हणून आई दुसरीकडे तोंड फिरवायची.

ती दुपार नेहमीसारखीच होती. जेवण झालं, पडदा बांधला, पपांच्या हातातून पुस्तक गळून छातीवर पडलं, आई आणि सुशी झोपल्या. मलाही डुलकी लागली असावी. जाग आली तेव्हा पडद्यावर चित्र होतं आणि मी झोपेतल्या आळसाने ते बघत राहिले. एक बाई होती, पाठ वाकवून झाडत मागे मागे सरकत होती, पाण्याच्या दिशेने. आणि ती जेवढी जागा झाडत होती तेवढ्यातून, तिच्या समोरून, एक लहानसं कोणीतरी चालत जात होतं. ती दोन हात मागे सरे, ते दोन पावलं पुढे येई. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडतात तसं. मला ते चांगलं वाटलं, हे लिहायला हवं. किती वेळ मी ते बघितलं सांगता येत नाही. मग त्या लहान आकृतीच्या खालच्या टोकाला लाल ठिपका आहे हे मला दिसलं, आणि मी दानूच्या अंथरुणाकडे पाहिलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली गाठ सुटली होती.

दार पाण्याकडे असतं तर दोन उड्यांत मी उतरणीवर पोचले असते. मी ओरडत तंबूला वळसा घातला, तणाव्यात पाय अडकून पडले, उठले, आणि समोर उतरण दिसली. उघडी, पांढरी, उन्हात भाजत पडलेली. दूर पाण्याच्या कडेला एका चौथऱ्यावर दानू उभा होता. एकटा.

पपा माझ्या मागून धावत आले आणि थांबले नाहीत. ते सरळ गाळात शिरले. चौथरा आठ-दहा हातांवर राहिला तेव्हा वरची पापडी फुटली आणि ते मांड्यांपर्यंत गेले. निघायला धडपडले तसे कमरेपर्यंत गेले. "हलू नकोस, दानू," ते ओरडले, आणि मग त्याच आवाजात आईला, "तू येऊ नकोस." आईने ते ऐकलं नाही. ती तंबूकडे वळली, तणावे सोडायच्या भानगडीत न पडता विळ्याने सपासप कापले, मागची कनात ओढून काढली आणि फरफटत खाली आणली. एक टोक मी धरलं, एक सुशीने. गाळावर ती अंथरली गेली तेव्हा डोक्यांची ती ओळ आभाळाकडे तोंड करून होती. आईने लुगड्याचा कासोटा घट्ट केला, त्या कापडावर पालथी पडली आणि सरपटत पुढे गेली. कापडाखालून गाळ फुगत होता, बुडबुडे येत होते, पण कापड जाड होतं. ते फाटलं नाही. कनात संपली तिथून तिने दोन्ही हात लांबवले आणि म्हणाली, "ये. कोंबड्या, ये माझ्याकडे." दानू चौथऱ्यावरून उतरला आणि दोन पावलांत तिच्या हातात आला.

तोवर पाड्यावरून भिकाबाई, तिचा नवरा आणि दोघे-तिघे दोर घेऊन धावत आले होते. पपांना बाहेर काढायला बराच वेळ लागला. त्यांचा एक बूट आत राहिला. चष्मा मात्र नाकावर होता.

आईने दानूला मांडीवर घेऊन त्याचे पाय पुसले. पपा कमरेपर्यंत चिखलाने काळे झाले होते, आई नखशिखान्त; दानूच्या पायाला घोट्यापर्यंतसुद्धा चिखल नव्हता. "का गेलास रे तिकडे?" तिने विचारलं. रागावून नव्हे, अगदी हळू.

"झाडलेलं होतं," दानू म्हणाला.

"कोणी झाडलं? कोण होतं तुझ्याबरोबर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मला ठाऊक असल्यासारखं. मी भिकाबाईला विचारलं की आज कोण झाडायला गेलं होतं. ती आपल्या नवऱ्याकडे बघू लागली. "आज आवस हाय, पोरी," ती म्हणाली. "आवसंला आमी पान्याकडं तोंडबी करीत न्हाई. आज कोन जाईल?"

चार वर्षांच्या पोराचं वजन ती पापडी तोलते, मोठ्या माणसाचं तोलत नाही. हे मी नंतर स्वतःच जुळवलं. आणि तलावाला एकच पाडा नव्हता. दुसऱ्या कुठल्या पाड्यावर अमावस्या पाळत नसतील. तिथली बाई झाडून, माझा ओरडा ऐकून, काठाच्या आडोशाने निघून गेली असेल. मी तंबूला वळसा घालून येईपर्यंत तेवढा वेळ होता. ही दोन्ही उत्तरं बरोबर असावीत. आयुष्यभर मी ती वेळोवेळी तपासून पाहिली आहेत आणि त्यांत चूक सापडलेली नाही. तरी कोणी अंगण झाडत मागे मागे सरकताना दिसलं, तर मी वाट बदलते.

त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, आईने कापलेले तणावे गाठी मारून जोडले आणि तंबू फिरवायला लावला. दार पाण्याकडे. "मग डोकी उत्तरेला येतील," पपा म्हणाले. "येऊ देत," आई म्हणाली. "मला दिसलं पाहिजे." त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर ती उत्तरेकडे डोकं करून झोपली. झोपली म्हणजे पडली. दानूचा हात तिने आपल्या पदराच्या टोकाला बांधला होता.

मागची कनात धुऊन करवंदीच्या जाळीवर वाळत घातली होती. दुसऱ्या दिवशी पपांनी मला एकटीला गाठलं. "पडद्यावर किती जण दिसले तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन. त्यांनी धडा घेतला नाही. मला भास झाला असेल असंही म्हणाले नाहीत. ते आत गेले आणि आईच्या डब्यातून सुई-दोरा घेऊन आले. मी पपांच्या हातात त्याआधी सुई पाहिली नव्हती. झाडाखाली कनात मांडीवर घेऊन बसले, आणि ते वाटाण्याएवढं भोक शिवू लागले. टाके वेडेवाकडे, एकावर एक, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

आई तांदूळ निवडत होती. "ते कशाला शिवता?" तिने विचारलं.

"पाऊस आला तर गळेल," पपा मान वर न करता म्हणाले.

मे महिना होता, आणि उभ्या कनातीतून पाऊस गळत नाही हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आई उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि त्यांचा शेवटचा टाका झाल्यावर तिने दोरा दाताने तोडून दिला.